भूकंपबाई

आमच्या गल्लीत सुलोचनाबाई भांडायला पाळीपाळीनं यायच्या. नळाचं पाणी कसं एक दिवस या बाजूच्या घरांना आणि एक दिवस त्या बाजूच्या घरांना यायचं, तसंच. आपली पाळी असली की सकाळी फाटकाची कडी वाजायची आणि बाई अंगणात उभ्या राहून विचारायच्या, "अनसूयाबाई, आपली तुळस माझ्या भिंतीकडे का झुकते आहे?"

तुळस सरळच असायची. पण मी झाडू ठेवून बाहेर जायचे. "तुमची भिंतच तिच्याकडे झुकून राहिली असंन," म्हणायचे. मग त्या तुळशीवरून माझ्या सुनेच्या वाळवणावर जायच्या, मी त्यांच्या मांजरीवर जायचे, आणि गॅसवरचं दूध वर येईपर्यंत आमचं चांगलं रंगायचं. दूध उतू जायचा वास आला की बाई एकदम थांबायच्या. "पुरे. आजचं सुटलं," म्हणायच्या आणि छत्री काखेत मारून शाळेत निघून जायच्या. राग नाही, रुसवा नाही. संध्याकाळी भेटल्या तर माझ्या गुडघ्याची चौकशी करायच्या.

गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की पहिला महिना फार घाबरायचं. मी जाऊन सांगून यायचे, "भिऊ नका. त्या तुमच्याशी नाही भांडत. त्या भूकंपाचा बंदोबस्त करतात." मग ते बिऱ्हाड जास्तच घाबरायचं.

सुलोचनाबाई अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. उंच, हाडकुळ्या, आणि आवाज असा की शाळेची घंटा फुटली तेव्हा नवी येईपर्यंत म्हणे शिपायानं बाईंनाच ओट्यावर उभं केलं होतं. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणत, "सवड झाली नाही." त्यांचं माहेर मोर्शीचं, माझंही मोर्शीचंच, दोन घरांमध्ये चारच घरं. मी वयानं मोठी, शिक्षणानं चौथी. त्या किती शिकल्या ते मला नीट सांगता येत नाही, कारण त्या नेहमी काहीतरी शिकतच असायच्या. बोलत शुद्ध. भांडतही शुद्ध. वऱ्हाडी त्यांच्या तोंडी यायची ती माहेरच्या उंबऱ्यात, नाही तर जीव घाबरला तर.

मराठवाड्यात धरणी हालली त्या साली आमची सगळी गल्ली बाजा टाकून रस्त्यावर झोपली होती. ज्याला त्याला अंथरुणात काही हालल्यासारखं वाटायचं. बहुतेक वेळा शेजारच्या बाजेवरचा माणूस कूस बदलायचा. लोक रामरक्षा म्हणत होते, आणि बाई दिव्याच्या खांबाखाली पुस्तक घेऊन बसल्या. आम्ही चार दिवसांनी घरात गेलो. बाई त्या पुस्तकातून बाहेर आल्याच नाहीत.

पुढे उन्हाळ्यात भिंतींना भेगा पडल्या की बायका त्यांच्याकडे धावायच्या. "बाई, भूकंप!"

"ही काळी माती आहे," बाई दारातूनच ओरडायच्या. "उन्हात आकसते, पाण्यानं फुगते. भूकंप काय उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला येतो का?"

आपल्या जमिनीचं त्यांना फार कौतुक नव्हतंच. आपल्या पायाखाली जुना दगड, कधीमधी कुरकुर करतो, म्हाताऱ्या माणसासारखा, असं म्हणायच्या आणि माझ्याकडे पाहायच्या. त्यांचा जीव होता जपानजवळच्या समुद्राखाली. तिथे म्हणे जमिनीचा एक थर दुसऱ्या थराच्या खाली घुसतो, हळूहळू, नखं वाढतात त्या चालीनं. बाईंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. जन्मात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे वडाळीचा तलाव. पण त्या समुद्राच्या तळाबद्दल अशा बोलायच्या, जशी मी माझ्या स्वयंपाकघराच्या कोनाड्याबद्दल बोलते.

मला समजावं म्हणून एकदा त्यांनी माझी नवी भरलेली गादी जमिनीवर ओढली. खाली सतरंजी. "आता तुम्ही गादी धरा," म्हणाल्या, आणि सतरंजी तिच्या खालून माझ्याकडे ढकलू लागल्या. ढकलत राहिल्या. सतरंजी सरकत होती, पण एका जागी गादीत कापसाची गाठ होती, तिथे अडायची. बाई जोर लावायच्या. अडलेली अडलेलीच, आणि मग खटकन सुटायची. थोडं पुढं गेलं की पुन्हा तिथेच अडायची, पुन्हा तसाच झटका.

"पाहिलं? तीच गाठ, तेवढाच झटका. समुद्राखाली अशा गाठी आहेत. वर्षानुवर्षं त्याच जागी, तेवढाच छोटा भूकंप. यंत्रावर दोन झटक्यांच्या रेघा काढा आणि एकीवर एक ठेवा, एकाच माणसाच्या दोन सह्या वाटतील."

"आणि बाकीची गादी?" मी विचारलं.

बाईंचा चेहरा असा उजळला, जसं काही वर्गात एखाद्या पोरीनं पहिल्यांदा बरोबर उत्तर दिलं असावं. "बाकीची सरकते, अनसूयाबाई! आवाज न करता. दिवसचे दिवस, महिनेचे महिने. वरच्या माणसाच्या घरातलं भांडंही वाजत नाही. एवढी मोठी जमीन सरकून जाते आणि कोणाला पत्ता नाही."

मी म्हटलं, "आता माझी गादी उचलून जागेवर ठेवा." त्या तशाच गेल्या. सुनेनं आणि मी उचलली.

शाळेला सुट्टी असली की त्या सलीमभाईंच्या दुकानात जात. सलीमभाईंचा आधी फोनचा बूथ होता, मग त्यांनी तिथेच लाकडी खोपटं करून कंप्युटर मांडले. आजूबाजूला कॉलेजची पोरं काय पाहायची देव जाणे, मध्ये आमच्या बाई नाकावर चष्मा ठेवून जगभरच्या भूकंपांची यादी पाहायच्या. त्यांच्या आवडीच्या गाठीवर ठरल्यासारखा छोटा धक्का आला की ओरडायच्या, "आला! आला पाहा!" पोरं दचकून आपापली खिडकी बंद करायची. सलीमभाई विचारायचे, "कौन आया, मॅडम? मेहमान?" बाई त्यांना फुटाण्याचा पुडा द्यायच्या. एकदा मला सलीमभाई भेटले तर म्हणाले, "खाला, मॅडम का भूकंप टाइम पे आया, अल्ला का शुकर है."

तर या गाठीवरूनच बाईंनी भांडणाचा नियम काढला होता. छोटे छोटे झटके सुटत राहिले तर मोठा साठत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते दिवस वाईट होते. आमच्या गल्लीत सगळे नोकरीवाले आणि पेन्शनवाले, पण प्रत्येकाचं गाव होतं आणि गावाकडून येणारी बातमी चांगली नसायची. पेपर उघडला की पहिल्या पानावर आपल्याच जिल्ह्याचं नाव. माणसं चूप व्हायला लागली होती. बाई म्हणायच्या, "बोलता आहात ना? मग ठीक." आणि कोणी बोलत नसलं की पाळी नसतानाही त्याच्या दारात जाऊन भांडायच्या.

एका घरी नवं लग्न झालेलं जोडपं होतं. बाईंनी त्या घरच्या सुनेला विचारलं, "तुमचं नवऱ्याशी भांडण होतं ना?" ती लाजून म्हणाली, "नाही जी, कधीच नाही." बाई गंभीर झाल्या. "हे बरं लक्षण नाही. आजच सुरू करा." सासू झाडू घेऊन फाटकापर्यंत मागे आली. बाई खूश. "ही सासू ठणठणीत आहे," मला म्हणाल्या, "या घराची काळजी नाही."

बडनेऱ्याच्या रेल्वेतून रिटायर झालेले एक गार्डसाहेब समोर राहत. त्यांच्या रेडिओवरून बाईंचं आणि त्यांचं दर बुधवारी वाजायचं. ते गाडीची वेळ पाळावी तसे आधीच गॅलरीत येऊन उभे राहायचे.

आणि एक दिवस बाई पाळी नसताना आल्या, तोंड उतरलेलं. येऊन बसल्या.

"काय झालं?"

"अनसूयाबाई, मी इतकी वर्षं उलटं सांगत होते."

कुठल्याशा मासिकात त्यांनी नवीन वाचलं होतं. छोट्या धक्क्यानं मोठा टळत नाही. छोट्यात तेवढा दमच नसतो. जमिनीचा ताण हलका होतो तो त्या न वाजणाऱ्या सरकण्यानं. छोटा धक्का बिचारा एवढंच सांगतो की आजूबाजूची जमीन अजून सरकते आहे, म्हणून तर ती या गाठीला ढकलते आणि गाठ सुटते. "तो औषध नाही हो," बाई म्हणाल्या. "तो नाडीचा ठोका आहे. मी ठोक्यालाच औषध समजले."

आता सांगा, दुसरं कोणी असतं तर चूप बसलं असतं. चूक कोणाला कळली होती? आम्हाला तर मुळात काहीच कळलं नव्हतं. पण बाई घरोघर गेल्या आणि माफी मागून आल्या. "माझं शास्त्र चुकलं. यापुढे मी भांडायला येणार नाही." मी माझ्या आयुष्यात शिकलेली माणसं पुष्कळ पाहिली, चुकलं म्हणून दारोदार जाऊन सांगणारं हे एकच.

गल्ली सुनी झाली. बुधवारी गार्डसाहेब गॅलरीत उभे राहिले, वाट पाहिली, मग रेडिओ मोठा केला, आणखी मोठा केला. समोरचं दार उघडलं नाही. शेवटी ते माझ्याकडे आले. "बाईंची तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, "तब्येत बरी आहे, शास्त्र बदललं."

एक भांडण तेवढं बाईंनी सोडलं नाही. ते त्यांच्या भावाशी, अखाजीला.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात आणि लेकीबाळी माहेरी जातात. आम्ही दोघी दरसाल एकाच एसटीनं मोर्शीला जायचो. बाईंचा भाऊ दिनकर संत्र्याच्या पेट्या बनवायचा. लाकडी फळ्या, खिळे, आत गवत. त्याच्या पेट्या फार लांब लांब जायच्या. आई गेली तेव्हा तो लहान होता, बाईंनीच त्याला वाढवला. आणि आईच्या नावाची घागर कोणी भरायची यावरून दोघं दरसाल भांडायची. दरसाल त्याच जागी, आडाजवळ. दरसाल तेच शब्द. माझी भावजय पापड तळायचे सोडून ऐकायला येऊन उभी राहायची. मला तर पाठच आहे.

"घागर दे इकडं, दिन्या."

"पितराचं पाणी पोरानं भरा लागते, बाई."

"मायले शेवटचं पाणी कोनं पाजलं?"

"तू पाजलं. मले डाक्टरकडे धाडलं अन् तू पाजलं."

"मंग कोनाले धाडू? मांजरीले?"

"माह्या मायचं तोंड मले दिसलं नाई!"

इथे तो बादली आपटायचा आणि शेडमध्ये जाऊन पेट्या ठोकत बसायचा. बाई डोळे पुसत घागर भरायच्या. सांजोऱ्या तळल्याचा वास गेला की तो परत यायचा, बाईंच्या ताटात मोठ्यातला मोठा आंबा ठेवायचा, आणि पुढच्या अखाजीपर्यंत मिटलं.

त्या साली मोर्शीच्या वाटेनं दोन्ही बाजूंच्या बागा वाळून उभ्या होत्या. विहिरींना पाणी नाही, बोअरला पाणी नाही. जिथे संत्र्याची झाडं होती तिथे बुंधे दिसत होते. झाडंच नाहीत तर संत्री कुठली आणि पेट्या कोणाला हव्यात? दिनकरच्या शेडसमोर फळ्यांचा ढीग तसाच पडून होता, वर मांजर व्यालेली. घरात तो एकटाच होता. लेक सासरी, आणि बायकोला त्यानं या वेळी स्वतः आग्रह करून तिच्या माहेरी पाठवलं होतं. एरवी तो तिला अखाजीला सोडायलाच तयार नसायचा.

बाईंनी पदर खोचला आणि आडाजवळ जाऊन हात पुढे केला. "घागर दे इकडं, दिन्या."

त्यानं घागर दिली. नुसती दिली नाही, घासून चकचकीत केलेली दिली. "भर बाई तूच," म्हणाला. "तुयाच हक्क आहे." आणि पाणी शेंदून बादली त्यांच्या हातात दिली.

बाईंनी घागर भरली. माझी भावजय म्हणाली, "यंदा मजा नाई आली."

जेवताना तो सगळं चांगलं झालं म्हणाला. फार जेवला नाही. निघताना बाईंच्या पाया पडला, माझ्याही पडला. बाई एसटीत बसल्या आणि निम्म्या वाटेपर्यंत नुसत्या फुगून सांगत होत्या, "शेवटी कबूल केलं हो त्यानं. इतक्या वर्षांनी अक्कल आली. माझाच हक्क होता." मी म्हटलं, "आली एकदाची. आता मला दरसाल उन्हात उभं राहून ऐकायला नको."

मधल्या फाट्यावर एसटी थांबली. लोक रस प्यायला उतरले. बाईंनी खिडकीतून हात काढून दोन पेले मागितले, एक मला दिला, आपला तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"अनसूयाबाई," त्या म्हणाल्या, "दिन्या भांडला नाई."

"बरंच झालं ना."

"नाई वो बाई. जिथं दरसाली सुटते तिथं सुटलं नाई. म्हनजे आजूबाजूचं सरकनंच थांबलं. सारंच धरून बसलं वो ते."

वऱ्हाडी ऐकून मी पेला तोंडापासून काढला. तरी मी म्हटलं, "अवो, एका वर्षी नाही भांडला म्हणून लगेच..."

"धरनी फाटनच असं नाई मनत मी. पन पाहाले जा लागते." आणि पेला खिडकीतून परत देऊन त्यांनी पिशवी उचलली.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, तिकीट अमरावतीचं हाये."

"मंग तुमी जा अमरावतीले," बाई म्हणाल्या आणि उतरल्या. मला गुडघ्यानं उतरता येत नव्हतं, तर कंडक्टरनंच धरून उतरवलं आणि वरून म्हणाला, "समाळा त्यायले." मोर्शीकडे जाणारी काळी-पिवळी जीप आली तिच्यात आम्ही इतर बारा जणांबरोबर बसलो. वाटभर बाई ड्रायव्हरच्या खांद्यावरून पुढचा रस्ता पाहत होत्या.

घराला बाहेरून कुलूप होतं. शेडचं दार लोटलेलं होतं. आत दिनकर जमिनीवर बसला होता. शेड झाडून स्वच्छ केलेली. करवती, रंधे, हातोड्या पुसून, तेल लावून, भिंतीवर ओळीनं टांगलेल्या, जसं काही दुसऱ्या कोणाच्या हवाली करायच्या आहेत. त्याच्या मांडीजवळ काय ठेवलं होतं ते मी पाहिलं, बाईंनीही पाहिलं. ते मी इथे लिहीत नाही.

मला वाटलं, आता बाई बोलतील. आता ही शेड हालेल. त्याला मारतील, रडतील, आईची शपथ घालतील. माझ्या स्वतःच्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या.

बाई आत गेल्या. त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या. पाय पसरले. कोपऱ्यात जुन्या पेट्यांतून काढलेल्या वाकड्या खिळ्यांचा डबा होता, तो ओढला. भिंतीवरची एक हातोडी काढली. एक खिळा काढला, दगडावर धरला आणि ठोकून सरळ करायला लागल्या. टुक टुक. झाला की बाजूला ठेवला. दुसरा काढला.

दिनकरनं मान वर केली नाही. मी वाकून ते त्याच्या मांडीजवळचं उचललं आणि मागे उकिरड्यात खोल पुरून आले. हात धुतले. माझ्या भावजयीकडून सणाचं उरलेलं पन्हं आणलं आणि दोघांपुढे ठेवलं. कोणी प्यायलं नाही. बाईंची टुक टुक चालू होती. बाईंना हातोडी धरायची सवय नाही. बोटावर बसायची, त्या बोट तोंडात घालायच्या आणि पुन्हा सुरू. ऊन दारातून आत आलं, फळ्यांवर चढलं, निघून गेलं. मी उंबऱ्यावर बसून होते. माझा तर धीर सुटत होता. बाईंचा सुटला नाही.

किती वेळानं कोण जाणे, दिनकर म्हणाला, "बाई, तो खिया वाकडाच राह्यला."

बाईंनी हातोडी त्याच्याकडे सरकवली. "तूच कर मंग."

त्यानं केला. मग दुसरा केला. मग खिळे तसेच हातात धरून रडायला लागला, मोठ्यानं, लहान पोरासारखा. बाईंनी त्याची पाठ धरून ठेवली, आणि डोळ्यांनी मला खूण केली की बोलू नका. मी कशाला बोलते?

त्यानंतर बाई सगळी सुट्टी मोर्शीलाच राहिल्या. दिनकरच्या बायकोला बोलावून घेतलं. दिनकरला अमरावतीला डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. गावातल्या बायका कुजबुजल्या, "याड लागलं का त्याले?" तर बाई भर बाजारात शुद्ध भाषेत म्हणाल्या, "डोळे दुखले की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. मन दुखलं, मनाच्या डॉक्टरकडे नेलं. यात कुजबुजण्यासारखं काय आहे? मोठ्यानं बोला." गोळ्या रोज स्वतः हातावर ठेवायच्या. बाकी वेळ शेडमध्ये बसून खिळे सरळ करायच्या. उपदेश नाही, भूगोल नाही. मी मध्ये एकदा जाऊन आले तेव्हा पडलेल्या फळ्यांतून दिनकर कोंबड्यांची खुराडी करत होता, आणि बाई खिळा पुढे करत होत्या. चांगली झाली होती खुराडी. पैशाचं मला माहीत नाही, पण घेणारे येत होते.

शाळा उघडायच्या आधी मी त्यांना आणायला गेले. परत येताना एसटीत बाईंना खिडकी दिली. हातांची बोटं काळीनिळी, नखं फुटलेली. मी म्हटलं, "सुलोचनाबाई, तुम्ही ओळखलंत म्हणून."

"मी नाई ओळखलं," त्या म्हणाल्या. "दरसाली भांडायची सवय होती म्हनून समजलं. नसती त मी तशीच रस पिऊन घरी आली असती."

मग खिडकीबाहेर पाहायला लागल्या. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, वाळलेले बुंधे होते.

"मी चूप झाली त कोनाले समजन, अनसूयाबाई?"

मला गोड बोलता येत नाही. जे होतं ते म्हटलं. "मले समजन."

बाईंनी मान वळवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पिकलेले केस, सुजलेले गुडघे. "तुमचं वय पाहा," म्हणाल्या. "तुमी त माह्या अगोदर जासान."

बोलणं खरं होतं. मी तिकीट जपून कनवटीला लावलं आणि अमरावती येईपर्यंत विचार करत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सुनेला, नंदाला, घेऊन त्यांच्या दारात गेले. नंदा वाटेत म्हणाली, "आत्याबाई, मले त्यायचं भेव वाटते." मी म्हटलं, "वाटू दे." बाईंनी दार उघडलं तर मी सरळ सांगितलं, "ही माझ्यामागं राहील. रोज हिला एकदा दिसत जा."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बसा. चहा टाकते," म्हणाल्या आणि आत गेल्या. आत पुष्कळ वेळ खुडबुड चालली होती. बाहेर आल्या तेव्हा मला पेल्यात चहा, स्वतःला वाटीत, आणि नंदाला कपात. घरात कप एकच होता. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहून मी त्यांच्या घरी कधी चहाला आले नव्हते, आणि दुसरंही कोणी आलेलं दिसत नव्हतं.

नंदानं घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "बाई, हा चा हाये का गरम पानी? एवढं पांचट आमी गुरालेही पाजत नाई."

मी डोळे वटारले. पण बाईंनी वाटी खाली ठेवली आणि त्या काळ्यानिळ्या बोटांनी नंदाच्या तोंडावरून हात फिरवला.

"ही पोट्टी कामाची हाये," मला म्हणाल्या.